पर्यायी ऊर्जा आणि विद्यार्थ्याची वही



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, ते आपले सर विज्ञान शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकवले. तेव्हा पर्यायी ऊर्जास्रोतांवरील विद्यार्थ्यांचे संशोधन हा विषय मी का निवडला, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. सरांचे एक जुने देणे माझ्याकडे राहिले आहे. ते या विषयातूनच फिटण्यासारखे आहे.

भाषेचा माणूस असल्यामुळे आरंभ शब्दापासून करतो. ‘ऊर्जा’ या शब्दाच्या मुळाशी ‘ऊर्ज्’ हा वैदिक शब्द आहे. बळ असा त्याचा अर्थ, आणि बळ देणारे पोषण असाही. चूल आणि सामर्थ्य यांचे नाते आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक होते. भारत सरकारने १९८२ साली ‘अपारंपरिक ऊर्जास्रोत’ विभाग स्थापन केला, १९९२ साली त्याचे स्वतंत्र मंत्रालय झाले आणि २००६ साली त्याचे नाव ‘नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय’ असे बदलले. हे नाव बदलले ते बरे झाले. आपल्या आज्या उन्हात कुरडया वाळवीत, वाऱ्यावर धान्य उपणीत, शेणाच्या गोवऱ्या थापीत. परंपरा हीच, दगडी कोळसा आणि रॉकेल घरात आले ते त्यामानाने अलीकडे.

यंत्राच्या रूपातही ही ऊर्जा आपल्याकडे नवी नाही. विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत आरशांनी ऊन एकवटून पाणी उकळण्याचे व त्या वाफेवर पंप चालविण्याचे प्रयोग केले, आणि उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, हे सांगणारे पुस्तक १८७८ साली प्रसिद्ध केले. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून निर्माण होणारा वायू दिवे लावण्यासाठी वापरला गेला. पुढे १९५०च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सूर्यचूल तयार केली; पण ती घरोघरी पोहोचली नाही. सूर्यचूल अंगणात ठेवावी लागते, ती दुपारी चालते आणि आपल्या घरांतला एक स्वयंपाक तर दिवेलागणीनंतरचा! या अडचणी ज्याने मोजल्या नाहीत, त्याला पर्यायी ऊर्जेचे गुण कळले असतील. ती ऊर्जा कळली असे म्हणता येणार नाही.

हे मी आज शहाणपणाने सांगतो आहे. २०१२ साली मला ते कळत नव्हते.

१९९३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने २०१२ आणि २०१३ या वर्षांसाठी ऊर्जा हाच मुख्य विषय ठेवला होता. मुलांनी गट करून आपल्या परिसरातला प्रश्न घ्यावा, त्यावर स्वतः काम करावे आणि ते मांडावे, अशी या उपक्रमाची रीत. त्यानिमित्ताने आपल्या शाळेतही सादरीकरणे झाली. सरांनी मला परीक्षक म्हणून बोलावले.

एका गटाने पवनचक्की मांडली होती. थर्मोकोलचे डोंगर, हिरवी शेते आणि मधोमध डौलाने फिरणारी पाती. बोलणारा मुलगा अस्खलित बोलला. ऊर्जासंकट, प्रदूषण, भावी पिढ्या. त्याचा एकही शब्द अडला नाही. दुसऱ्या गटात नववीच्या दोन मुली आणि एक मुलगा होता. पुठ्ठ्याचे खोके, आत काळा रंग दिलेला डबा, वर काच, झाकणाला आरसा, अशी त्यांची घरी केलेली सूर्यचूल होती. बोलणारी मुलगी चाचरत होती. मधूनच हिंदी शब्द येत होते. ती वहीतून वाचत होती. तारीख, डबा ठेवल्याची वेळ, काढल्याची वेळ, आकाश कसे होते. आणि काही तारखांपुढे एवढेच वाक्य: ‘आज भात शिजला नाही.’

मी पवनचक्कीला पहिला क्रमांक दिला. त्या मुलीला म्हणालो, “बाळ, वाक्यरचना सुधार. आणि न शिजलेला भात चारचौघांत कशाला वाढायचा?” सभागृह हसले. तीही हसली, पण तिने वही मिटली.

नंतर चहा घेताना सरांनी मला सहज विचारले, “प्रोफेसरसाहेब, सभागृहाच्या खिडक्या बंद होत्या. मग ती पवनचक्की कशाने फिरत होती?”

थर्मोकोलच्या डोंगरात मोटार आणि सेल दडलेले होते. विजेवर पंखा फिरत होता आणि आम्ही त्याला वाऱ्यापासून होणारी वीज म्हणत होतो. सर रागावले नाहीत. म्हणाले, “त्या मुलीने सव्वीस दिवस उन्हात डबा ठेवला. नऊ दिवस भात कच्चा राहिला. ते नऊ दिवस हेच तिचे संशोधन.” मग त्यांनी मला ती वही दाखवली. प्रत्येक अपयशापुढे तिने कारण शोधले होते. काही दिवस ढग होते. काही दिवस सूर्य सरकला तरी आरसा वळवायचा राहिला. एकदा काचेच्या कडेला फट राहिली आणि आत अडकलेली उष्णता निघून गेली. काळा रंग ऊन शोषतो, काच उष्णता अडवते, ही वाक्ये पाठ्यपुस्तकात असतात. तिने ती कच्च्या भातातून मिळवली होती.

मित्रहो, ‘आज भात शिजला नाही’ या वाक्यात मला तेव्हा दारिद्र्य दिसले. आज वाटते, विज्ञानाच्या मराठीचा तो उत्तम नमुना आहे. जे घडले तेवढेच सांगणारे चार शब्द, ज्यांत एकही उसना नाही. इंदूरसारख्या गावी, जिथे घराबाहेर पडताच हिंदी सुरू होते, तिथे मराठी टिकवायची तर ती केवळ वक्तृत्व स्पर्धेत टिकणार नाही. मुलांनी स्वतः पाहिलेले जिथे नोंदवले जाते, तिथे ती टिकेल.

आणि पाहण्यासारखे आपल्या भोवती किती आहे! १९७८ साली नर्मदेचे पाणी या शहरात आले. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्य चढवून ते आणावे लागते. त्यासाठी वीज लागते. ती सूर्यापासून मिळावी म्हणून महापालिकेने २०२३ साली जलूद येथील ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी हरित रोख्यांतून २४४ कोटी रुपये उभे केले. घरच्या नळाचे एक बादली पाणी किती विजेचे, हा प्रश्न आठवीच्या मुलालाही घेता येईल. २०२२ साली सुरू झालेला इथला जैव सीएनजी प्रकल्प रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७,००० किलो वायू देण्यासाठी उभारला आहे. म्हणजे एक किलो कचऱ्याला सुमारे ३१ ग्रॅम. शाळेच्या डब्यांतले उष्टे आठवडाभर तोलले, तर त्यातून किती इंधन होईल, हे मुले स्वतः काढू शकतील. देवासजवळच्या टेकड्यांवरील पवनचक्क्या पावसाळ्यात जोरात फिरतात, म्हणजे नेमक्या ढगांच्या दिवसांत. सूर्य आणि वारा एकमेकांची उणीव कशी भरून काढतात, हे त्यातून शिकावे.

शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. सादरीकरणाच्या गुणपत्रिकेत ‘काय जमले नाही आणि का’ असा एक रकाना ठेवा, आणि त्याला भाषेइतकेच गुण द्या.

आता देणे. त्या मुलीला मी पुन्हा कधी भेटलो नाही. उद्या सांगू म्हणत राहिलो. ती शाळा सोडून गेली, पुढे सरही गेले. आज ती या सभागृहात असेल, किंवा माजी विद्यार्थिनी म्हणून ही पुस्तिका तिच्या हाती पडेल, तर तिने वाचावे: २०१२ सालच्या त्या स्पर्धेत पहिला क्रमांक सूर्यचुलीचा होता. परीक्षकाची चूक झाली होती. व्याख्यानाच्या छापील प्रतीत ही दुरुस्ती अवश्य राहू द्यावी, अशी संपादकांना विनंती करून मी आपली रजा घेतो.