‘कॉल ऑफ’ म्हणजे फोन करणं नाही

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून लोकल पकडलेल्यांनो, इअरफोन लावलेत ना? आजचा विषय फ्रेझल व्हर्ब्ज.

मेसेज येतो, ‘द मीटिंग इज कॉल्ड ऑफ.’ वाटतं, कॉल येणार. प्रत्यक्षात मीटिंग रद्द झालेली असते. ‘पुट ऑफ’ असतं, तर पुढे ढकलली. सुटे शब्द ओळखीचे, पण एकत्र आले की अर्थ वेगळा.

हे आपल्याला नवीन नाही. ‘विसरून जा’ म्हटल्यावर कोणी कुठे जातं का? ‘सांगून टाक’मध्ये कोण काय टाकतं? मराठीत आपण अख्खा तुकडा ऐकून शिकलो. इंग्रजीतही याद्या नको, वाक्यं पाठ करा.

आपण सर्रास म्हणतो, ‘गेट डाउन ॲट अंबरनाथ.’ इथे चालतं. परदेशी क्लायंटशी बोलताना मात्र ‘गेट ऑफ’ म्हणा. ट्रेन-बसला ‘ऑन-ऑफ’, कारला ‘इन-आउट’. जिथे उभं राहून चालता येतं, तिथे ‘ऑन’. हे लक्षात ठेवा.

इंटरव्ह्यूत विचारतात, ‘वॉक मी थ्रू युअर प्रोजेक्ट.’ म्हणजे प्रोजेक्ट टप्प्याटप्प्याने समजावून सांगा. काम येत असूनही एवढ्यासाठी गप्प बसलात, तर नोकरी हातची जाते. नाही कळलं, तर बिनधास्त विचारा.

आजचा सराव: बदलापूर ते अंबरनाथ ‘कॉल ऑफ’, अंबरनाथ ते उल्हासनगर ‘वॉक थ्रू’. दोन्हीचं एकेक वाक्य स्वतःच्या कामावरून बनवा, मोबाईलमध्ये लिहा, कल्याण यायच्या आत पुटपुटा. शेजारचा बघेल, बघू दे!

भेटू पुढच्या भागात.