पाटीवरचे आणि वहीतले

संगणकाला आज्ञा देण्याची विद्या जो नव्याने शिकू लागतो, त्याची पहिल्या काही दिवसांतच 'चल' या वस्तूशी गाठ पडते. शाळेतल्या बीजगणितातला क्ष तो हाच. परंतु येथे त्याला मनाजोगे नाव देता येते, त्याच्या ठायी संख्या, अक्षरे, याद्या ठेवता येतात आणि ठेवलेले वाटेल तेव्हा बदलता येते. नवशिक्याला या सामर्थ्याचा मोठा आनंद होतो. हा चल किती अल्पायुषी आहे, हे मात्र त्याला अनुभवानेच कळते.

श्रोतेहो, एक उदाहरण कल्पू या. दिल्लीला लागून हरियाणात गुरुग्राम हे शहर आहे. २०१६ पर्यंत त्याचे सरकारी नाव गुडगाव होते. नोकरीच्या निमित्ताने मराठी कुटुंबेही तेथे जाऊन राहिली आहेत. समजा, अशा एका घरातली मुलगी आपल्या इमारतीतल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारा लहानसा प्रोग्राम पायथॉन भाषेत लिहिते. 'एकूण' नावाचा एक चल, त्यात ४५०० रुपये. देणाऱ्यांच्या नावांची एक यादी. सायंकाळी वीज जाते. इमारतीचे जनित्र सुरू व्हायला काही क्षण लागतात, आणि तेवढ्यात टेबलावरचा संगणक बंद पडतो. वीज येते, संगणक पुन्हा चालू होतो, प्रोग्रामही जसाच्या तसा असतो. 'एकूण' तेवढा नाहीसा झालेला असतो. कोणी किती दिले, हे आता दारोदार जाऊन पुन्हा विचारावयाचे!

याचे कारण असे की, चल राहतो तो संगणकाच्या कार्यस्मृतीत, आणि ही स्मृती विजेवर जगते. वीज न जाताही प्रोग्राम संपला की त्याची तेथली जागा काढून घेतली जाते. ही स्मृती म्हणजे पाटी होय. टिकवायचे असेल ते वहीत, म्हणजे फाइलमध्ये, उतरवले पाहिजे. फाइल उघडावी, लिहावे, मिटावी. यातले मिटणे लोक विसरतात. 'लिही' म्हटल्याबरोबर मजकूर तबकडीवर जातोच असे नाही. तो काही वेळ वाटेतच थांबवलेला असतो, आणि फाइल मिटली की पुढे सरकतो.

उतरवण्याचे काम इतके सोपे. खरी मौज परत वाचताना आहे. साध्या फाइलमध्ये असतात ती केवळ अक्षरे. आपल्या मुलीने दुसऱ्या दिवशी ४५०० वाचून घेतले, त्यात नवे ५०१ असेच अक्षररूपात मिळवले, तर उत्तर येते ४५००५०१! पंचेचाळीस लाखांचा गणपती! यंत्राने दोन शब्द एकापुढे एक ठेवले, इतकेच. ही संख्या आहे, हे वाचणाऱ्याने स्पष्ट सांगावे लागते. (सांगितले, तर पायथॉन देवनागरी अंकही संख्या म्हणून बिनतक्रार स्वीकारतो.)

नावांची गोष्ट याहून नाजूक. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हासाठी तीन बाइट खर्ची पडतात. लिहिताना ही पद्धत आणि वाचताना रोमन अक्षरांपुरती बेतलेली दुसरी, असे झाले की 'मनोहर' हे नाव परकीय चिन्हांची रांग होऊन बाहेर येते. फाइलमधला एकही ठिपका हललेला नसतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांचे असेच आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून त्यांतले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले, म्हणून ते आपल्यासारख्यांना वाचता येतात; उरलेल्या रुमालांपुढे मोडी न जाणणारा मराठी माणूस निरक्षरच ठरतो. तेव्हा फाइल उघडताना पद्धतीचे नाव दोन्ही वेळा घालावे. चार अक्षरे जास्त लिहावी लागतात, एवढेच.

आणखी एक सावधगिरी. 'लिहिण्यासाठी उघड' ही नेहमीची आज्ञा जुनी फाइल उघडताक्षणीच कोरी करते. नेमकी तेव्हा वीज गेली, तर पाटीही गेली आणि वहीही! म्हणून जाणकार प्रथम निराळ्या नावाची फाइल पूर्ण लिहितात, ती मिटतात, आणि मगच तिला जुनीच्या जागी बसवतात.

पहिल्या दिवशी मात्र वही अस्तित्वातच नसते. ती नसेल तर 'एकूण' शून्य धरून आरंभ करावा, असे प्रोग्रामला सांगण्याचा प्रघात आहे. माझ्या मते त्याने तसे मुकाट्याने करू नये. फाइल दुसऱ्याच कप्प्यात राहिली असेल, तरीही हिशेब शून्यापासूनच सुरू होईल. 'वही सापडली नाही, नवी घालू का?' असे त्याने आधी विचारावे.