एगन बर्नालचे सावरणे



अपघातातून उठलेल्या माणसाची हकीकत अनुवादित करताना एक अडचण नेहमी येते. इंग्रजीत काय किंवा स्पॅनिशमध्ये काय, अशा वेळी जो शब्द योजला जातो त्याच्या मुळाशी 'गमावलेले परत मिळवणे' हा अर्थ आहे. मराठीत आपण 'बरा झाला' म्हणतो, 'सावरला' म्हणतो, 'पूर्ववत झाला' असेही म्हणतो. हे तिन्ही एक नव्हेत. कोलंबियाचा सायकलपटू एगन बर्नाल याच्याबाबतीत तर हा भेद फारच महत्त्वाचा आहे. म्हणून आज त्याचीच हकीकत आपणांपुढे ठेवावी म्हणतो.

बर्नाल हा बोगोटाच्या उत्तरेस असलेल्या सिपाकिरा गावचा. सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे हे गाव मिठाची खाण आणि त्या खाणीतच कोरून काढलेले चर्च यांसाठी प्रसिद्ध आहे. २०१९ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, त्याने 'तूर द फ्रान्स' जिंकली. लॅटिन अमेरिकेतील कोणालाही तोवर ते साधले नव्हते. २०२१ मध्ये त्याने इटलीची 'जिरो' जिंकली. या दोन्ही शर्यती तीन-तीन आठवडे चालतात आणि तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतराच्या असतात.

२४ जानेवारी २०२२ रोजी गाचान्सिपा गावाजवळ तो सराव करीत होता. त्या दिवशी त्याच्याकडे घड्याळाविरुद्धच्या शर्यतीची खास सायकल होती. अशा सायकलवर वाऱ्याचा विरोध टाळण्यासाठी कोपरे पुढच्या टेकूंवर ठेवून, मान खाली घालून बसावे लागते. हात ब्रेकपासून दूर असतात आणि समोरचा रस्ता जेमतेम दिसतो. उतारू उतरविण्यासाठी एक बस थांबली होती. तिच्या मागच्या बाजूवर तो पूर्ण वेगाने आदळला. मांडीचे हाड, गुडघ्याची वाटी, ११ बरगड्या, पाठीचे मणके अशी सुमारे वीस हाडे मोडली. फुफ्फुसांनाही इजा झाली. कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडण्याचा संभव ९५ टक्के होता, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले. हा आकडा वैद्यकीय गणिताचा मानण्यापेक्षा त्या दिवसांतील भयाचे माप समजावे, असे मला वाटते.

लागोपाठ शस्त्रक्रिया झाल्या. दोन आठवड्यांच्या आत तो घरी गेला, मार्च सरत आला तेव्हा पुन्हा रस्त्यावर सायकल चालवू लागला आणि ऑगस्टमध्ये डेन्मार्कच्या पाच दिवसांच्या शर्यतीत उतरला. वृत्तपत्रांच्या दृष्टीने हकीकत येथे संपली : बर्नाल बरा झाला.

परंतु लांब पल्ल्याच्या सायकलपटूला केवळ हाडे सांधली जाऊन भागत नाही. मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब व मजबूत हाड. ते सांधण्यास काही महिने लागतात. तेवढ्या काळात त्याभोवतीचा स्नायू झिजतो, आणि झिजण्यास जितके दिवस लागतात त्याच्या कितीतरी पट दिवस तो पुन्हा भरून येण्यास लागतात. आता एक साधा हिशेब करू. मिनिटाला ९० फेरे या गतीने पाच तास पायडल मारले, तर एका दिवसात २७,००० फेरे होतात. चालताना ज्याची जाणीवही होणार नाही असा डाव्या-उजव्या पायांतील किंचित फरक, त्याच खोगिरावर बसून, त्याच कोनात, रोज २७,००० वेळा गिरविला जातो. मग गुडघा तक्रार करू लागतो. २०२३ च्या जानेवारीत अर्जेंटिनातील सान हुआनची शर्यत बर्नालला गुडघेदुखीमुळेच अर्धवट सोडावी लागली. खेरीज, घाट उतरताना शंभर-दीडशे स्वारांच्या घोळक्यात अंगाला अंग लावून जायचे असते. तेथे मनाने जरा कच खाल्ली की माणूस मागे पडतो, आणि हे भय कोणत्याही क्ष-किरणचित्रात दिसत नाही.

निकालपत्रके पाहावीत. २०२३ च्या 'तूर'मध्ये तो ३६ वा आला, २०२४ मध्ये २९ वा. कधीकाळच्या विजेत्याचे हे क्रमांक पाहून काहींनी त्याची कारकीर्द संपली असे मानले. मला मात्र ३६ वा हा क्रमांक त्याच्या पहिल्या क्रमांकाइतकाच वाचनीय वाटतो. दीड वर्षापूर्वी ज्याच्या पाठीचे मणके मोडले होते, तो तीन आठवडे रोज सकाळी सायकलवर बसला आणि पॅरिसला पोहोचला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, जवळजवळ पावणेचार वर्षांनंतर, त्याला पहिला विजय मिळाला, तोही मायदेशी : कोलंबियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत घड्याळाविरुद्धची शर्यत त्याने जिंकली, आणि काही दिवसांनी रस्त्यावरचीही. त्यांपैकी पहिली ज्या प्रकारच्या सायकलवर जिंकली, तशाच सायकलवर तो बसवर आदळला होता. मे महिन्यातील 'जिरो'त तो सातवा आला. पूर्ववत? नाही. २०२१ चा बर्नाल परत आला असे त्याचे चाहतेही म्हणणार नाहीत.

९ सप्टेंबर २०२५ रोजी स्पेनच्या 'व्हुएल्ता'मधील १६ व्या टप्प्याचा शेवट निदर्शनांमुळे आठ किलोमीटर अलीकडे आणण्यात आला. घाटमाथा गाठून शर्यत संपायची, ती मध्येच संपली. अखेरीस आघाडीवर दोघेच उरले होते : बर्नाल आणि स्पेनचा मिकेल लांदा. लांदाही त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'जिरो'च्या पहिल्याच दिवशी पडला होता आणि त्याचाही मणका मोडला होता. शेवटच्या काही मीटरांत बर्नाल पुढे निघाला. लांदा दुसरा आला.