छपरावरची वीज



मी बँकेत कारकून आहे. शिक्षण कलाशाखेचे, विज्ञानाशी संबंध दहावीपुरताच. तरीही सौरऊर्जेवर चार शब्द बोलण्याचे मी कबूल केले, कारण छपरावरील सौर संचाच्या कर्जाच्या फायली माझ्याच टेबलावरून पुढे जातात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषयही त्यांच्याच खात्यात होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ऑक्टोबर १९४३ मध्ये धोरण समितीपुढे त्यांनी जी भूमिका मांडली तिचा आशय असा : दारिद्र्य हटवायचे तर उद्योग वाढले पाहिजेत आणि त्यासाठी वीज मुबलक व स्वस्त हवी. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले.

वीज आली, पण ती मुख्यतः कोळशातून. आजही देशातील निम्म्याहून बरीच अधिक वीज कोळशावरच होते. अशा एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो आणि पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. २०२४ हे नोंदींतले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्याची झळ कोणाला अधिक? पत्र्याच्या खोलीत मे महिना काढलेल्यांना मी ते सांगायला नको. तिथे रात्रीचे अकरा वाजले तरी भिंतीला हात लावावासा वाटत नाही.

सौर पट्टीचे तंत्र तसे जुनेच. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली सिलिकॉनची पहिली उपयुक्त सौर पेशी दाखवली. पडलेल्या उन्हापैकी जेमतेम सहा टक्क्यांची वीज होई. आज बाजारातल्या पट्ट्या वीस टक्क्यांच्या पुढे गेल्या आहेत. गंमत अशी की, या पट्टीला ऊन हवे पण ताप नको. ती जितकी तापते तितकी वीज कमी देते. एक किलोवॅटच्या संचाला सावली नसलेली सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. दिवसा उरलेली वीज कंपनीच्या तारेत जाते, रात्री आपण तिथूनच घेतो. मीटर दोन्हीकडचे मोजतो आणि बिल फरकाचे येते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. उद्दिष्ट एक कोटी घरांचे. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान, उरलेल्या रकमेला विनातारण कर्ज. योजना चांगलीच आहे, हे मी फायली पाहून सांगतो. बंगलेवाले येतात, निवृत्त शिक्षक येतात, सही करतात, महिन्या-दोन महिन्यांत बिल उतरते. आपल्या वस्तीतली माणसे मात्र क्वचितच दिसतात. पैसा हे एक कारण झाले. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली कमी वीज वापरणाऱ्यांसाठी जादा अनुदानही दिले. पण अनुदान घ्यायला आधी छप्पर लागते, तेही आपल्या हक्काचे. भाडेकरूला छप्पर नाही. चाळीची गच्ची सगळ्यांची, म्हणजे सहीच्या वेळी कोणाचीच नाही. आणि पट्ट्यांचा सांगाडा जुना पत्रा पेलत नाही.

मागच्या महिन्यात एक भगिनी आल्या होत्या. घरकाम करतात. स्लॅबची एक खोली, वर मोकळी गच्ची, कागद बहुतेक पुरे. मीटर मात्र यजमानांच्या नावावर, आणि ते जाऊन सहा वर्षे झालेली. बिल दरमहा वेळेवर भरलेले. त्या म्हणाल्या, “साहेब, पैसे माझे चालतात, मग नाव का चालत नाही?” मला उत्तर देता आले नाही. अर्जदार आणि वीजग्राहक एकच हवा, एवढा नियम तेवढा मी वाचून दाखवला.

आपल्या सभागृहाची गच्ची मी आज वर जाऊन पाहिली. दक्षिणेकडे सावली नाही. कार्यकारिणीने मनावर घेतले तर अंदाजपत्रक मी बसून करून देईन. सोबत, ज्यांची मीटरे अजून दिवंगतांच्या नावावर आहेत त्यांनी मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि शेवटचे बिल घेऊन रविवारी सकाळी इथे यावे. नावबदलाचे अर्ज मी भरून देतो. त्या भगिनींचा अर्ज गेल्या सोमवारीच दिला आहे.