न विणलेली घोंगडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पापड-कुरडयांवर बोलते, कोणी बचतीवर, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा चिटणीसबाईंनी मला लोकरीवर बोलायला सांगितले. हाताने करून दाखव म्हटले तर मी दिवसभर दाखवीन. तोंडाने सांगणे मला जड जाते. म्हणून लिहून आणले आहे. मधून मधून कागद सोडून बोलले तर सांभाळून घ्यावे.

लोकर म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दोन सुया आणि रंगीत गुंड्या येतात. त्या दुकानातल्या गुंड्यांना आपण लोकर म्हणतो खरे, पण त्यातल्या बहुतेकींना मेंढी ठाऊकसुद्धा नसते. तो कारखान्यात केलेला धागा असतो, ॲक्रिलिकचा. शाळेच्या हस्तकलेसाठी मुले रंगीत फेल्टचे चौकोनी तुकडे आणतात, तेही बहुधा तसलेच. मी बोलणार आहे ती मेंढीच्या अंगावरची लोकर, आणि ती न कातता, न विणता, नुसत्या पाण्याने आणि हाताने तिचे कापड कसे होते ते.

आपल्याकडे हे नवे नाही. म्हातारी माणसे ‘बुरणूस’ म्हणत. घोंगडी मागावर विणतात. बुरणुसाला माग लागत नाही. लोकर पिंजायची, थर लावून पसरायची, भिजवायची, आणि गुंडाळून हाता-पायांनी मळायची, की तिचे जाड अंथरूण होते. पिंजारी लोकांचा तो धंदा होता. कोल्हापूरकडे अशा अंथरुणाला ‘जेन’ म्हणतात. काश्मिरात आणि राजस्थानातल्या टोंक गावी त्याचाच नमदा होतो. मंगोलियातले मेंढपाळ तर अशा जाड लोकरी पटांच्या तंबूत राहतात. माझ्या लेकीने मला एक गोष्ट वाचून दाखवली. रशियातल्या अल्ताई डोंगरात १९४९ साली एक जुनी कबर उकरली, तिच्यात बर्फाने टिकवून ठेवलेला भला मोठा लोकरी पट सापडला. त्यावर घोडेस्वारांची चित्रे होती, आणि त्याचे वय सुमारे २३०० वर्षे. आपल्याकडे मात्र पेटीतली शाल कसर दोन पावसाळ्यांत फस्त करते! (तिच्यावर उपाय आहे. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, आणि दिवाळीला नि होळीला शाल उन्हात झटकावी.)

आता लोकर असे कापड का होते? मेंढीच्या केसावर फार बारीक खवले असतात, माशाच्या अंगावर असतात तसे, एकाच दिशेला वळलेले. डोळ्यांना दिसत नाहीत. कोमट-गरम पाणी आणि साबण लागला की केस मऊ पडतो, खवले उघडतात. मग चोळल्यावर केस एकमेकांत सरकतात, पण खवल्यांमुळे मागे येत नाहीत. जितके चोळाल तितके घट्ट. तुमच्यापैकी कोणाचा लोकरी स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला जाऊन लहान मुलाच्या मापाचा झाला असेल, तर तेव्हा घरात हेच घडले होते. कापसाला असले खवले नसतात. त्यामुळे आपल्या खामगावच्या कापसाची गादी होईल, पण बुरणूस व्हायचा नाही.

आपली मेंढी दख्खनी. तिची लोकर बहुतेक काळी, राठ, केसाळ. परदेशातल्या मेरिनो मेंढीची लोकर लोण्यासारखी मऊ, ती अर्ध्या तासात धरते. आपली लोकर हट्टी. तिला वेळ लागतो, आणि तिचे कापड गळ्याला टोचते, म्हणून मफलर करायच्या नादी कोणी लागू नये. पण बसायचे आसन, गरम भांडे धरायची घडी, पेल्याखालची चकती, बुटात घालायचा तळवा, थंडीत पायाखाली घ्यायची पट्टी, या कामांना हीच चांगली. चुलीजवळही ती बरी, कारण लोकर भसकन पेटत नाही. जाळ काढला की विझते. कोकराची पहिली कातरण, म्हणजे जावळाची लोकर मिळाली तर सोने. ती मऊ असते, तिची मी लहान मुलांसाठी पिशवी आणि पोळ्याचे बैल करते.

करण्याची रीत सांगते. लोकर उन्हात पसरून झाडून घ्यावी. त्यात गोखरू, कुसळे, लेंडी, सगळे असते. ते हाताने वेचावे, याला कंटाळून चालत नाही. मग रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवावी. चोळू नये, ढवळू नये, नाहीतर टोपल्यातच तिचा गोळा होतो. दोन-तीन पाणी बदलून सावलीत वाळवावी. वाळली की पिंजावी. पिंजण नसेल तर बोटांनी सोडवावी, धुक्यासारखी फुगेपर्यंत. मग चटईवर पातळ पातळ थर मांडावे, एक आडवा, त्यावर एक उभा, पुन्हा आडवा, पुन्हा उभा. चार थर तरी हवेत. उजेडाला धरून पाहावे, जिथे चटई दिसते तिथे आणखी चिमूट घालावी. आसन जेवढे हवे त्याहून मोठे मांडायचे, कारण ते आटते. किती आटते हे त्या त्या लोकरीवर आहे. म्हणून आधी एक वीतभर तुकडा करून मोजावा, मग मोठ्याला हात घालावा.

वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घालून साबणाचे गरम पाणी शिंपडावे. हाताला सोसेल इतकेच गरम. पहिली दहा मिनिटे नुसते थोपटायचे, बाळ निजवताना थोपटतो तसे. इथेच नव्या बाया घाई करतात आणि थर सरकून मध्ये भोक पडते. मग हळूहळू जोर वाढवायचा. चिमटीत धरून वर ओढले असता एकेक केस सुटून न येता सगळा पदर उचलला गेला, की पहिली पायरी झाली. त्यानंतर चटईत लाटण्यासह गुंडाळून, दोरीने बांधून, कोपरापर्यंतच्या हातांनी पुढे-मागे लाटायचे. शंभर वेळा लाटले की उघडायचे, पाव फेरा फिरवायचे, पुन्हा शंभर. चारी बाजू झाल्याशिवाय चौकोन सरळ येत नाही. शेवटी साबण पूर्ण जाईपर्यंत धुवायचे, अखेरच्या पाण्यात लिंबू पिळायचे, ओढून सरळ करायचे आणि सावलीत पसरायचे.

रंगाचे थोडक्यात सांगते. काळ्या लोकरीवर रंग दिसत नाही, तिला तिच्याच रंगात राहू द्यावे. पांढरी थोडी मिळते, ती तुरटीच्या पाण्यात उकळून मग पळसाच्या फुलांत किंवा डाळिंबाच्या सालीत रंगवावी. हळदीचा रंग पहिल्या दिवशी फार सुंदर दिसतो आणि उन्हात तितक्याच लवकर उडतो. विकायच्या मालाला हळद लावू नये.

शिकवताना माझ्या ध्यानात आले की, भाकरी ज्यांची चांगली येते त्यांचा हात इथेही लवकर बसतो. तळव्याने कुठे किती दाबायचे हे त्यांना सांगावे लागत नाही. गेल्या थंडीत आपल्याकडे अकरा जणी शिकायला बसल्या. त्यात पदवीधर मुली होत्या आणि अंगठा करणाऱ्याही. सर्वांत चांगले आसन पासष्टीच्या एका आजींनी केले, आणि सर्वांत जास्त प्रश्नही त्यांनीच विचारले.

आता जे बोलायला खरे म्हणजे मी आज उभी आहे, ते बोलते.

माझे माहेर मेंढरांचे. घाटावरची पिके निघाली की आमचा वाडा घाटाखाली उतरायचा, पऱ्हाट्यांच्या रानात. शेतकरी खतासाठी मेंढरे बसवून घेत, त्याचे धान्य देत. सातवीनंतर माझी शाळा त्या वाटेवर सुटली ती सुटलीच. तेव्हा लोकरीला गिऱ्हाईक होते. वर्षातून दोनदा कातरणी व्हायची, आई टकळीवर सूत काढायची, घोंगडीवाले ते घेऊन जायचे आणि चिंचोक्याची खळ लावलेली नवी घोंगडी घरी यायची. पुढे पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आली, सोलापुरी चादरी तर होत्याच. मेंढी मटणासाठी राहिली. आज कातरणाऱ्याला दर मेंढीमागे आपल्याच पदरचे पैसे द्यावे लागतात आणि कातरलेली लोकर बांधावर पडून राहते. माझ्या भावाने गेल्या साली पोतीच्या पोती खड्ड्यात टाकली. जी वस्तू माझ्या आईच्या मांडीवरून कधी खाली पडत नव्हती ती!

गेल्या वर्षी वर्गासाठी पहिले पोते मी या सभागृहात आणले तेव्हा एक भगिनी म्हणाल्या, “काहो बाई, हे मेंढराचे केस कायले आत आणता? देवाचा फोटो आहे इथं.” त्यांचा राग मी धरला नाही, त्या आज समोर बसल्या आहेत आणि उत्तम चकत्या करतात. पण उत्तर तेव्हा द्यायचे राहिले ते आज देते. सोवळ्यात नेसायची धाबळी कशाची असते? लोकरीची. पूजेला बसायचे आसन कशाचे? लोकरीचे. जागरणाला खंडोबापुढे काय अंथरतात? घोंगडी. कापड झाले की लोकर सोवळी, आणि पोत्यात असेपर्यंत ती विटाळाची, हा हिशेब मला समजत नाही. वास येतो हे खरे. दोन पाण्यांत तो जातो.

दुसरा प्रश्न पैशाचा. तो मोठा आहे, आणि पुढच्या सभेत तुम्हाला त्यावर हात वर करायचा आहे. शहरातल्या एका दुकानदाराने आपली आसने पाहिली आणि दोनशे नगांची मागणी केली. दर नगाला दीडशे रुपये. आपल्यापैकी कित्येकींना आनंद झाला. एवढी मोठी मागणी मंडळाला कधी आली नव्हती. मी घरी येऊन पाटीवर मांडले. एक आसन म्हणजे वेचणे, धुणे, पिंजणे यांत तीन-साडेतीन तास, मांडणे आणि लाटणे यांत चार तास. म्हणजे एक अख्खा दिवस. साबण, रिठे, पाणी तापवायचे सरपण किंवा गॅस, आणि लोकर धरून चाळीस-पन्नास रुपये जातात. उरले शंभर. निंदणाला गेलेली बाई दिवसाकाठी याहून पुष्कळ अधिक घेऊन येते, आणि तिचे गुडघे दुखतात तसे आपले खांदेही दुखतात. ‘फावल्या वेळचे काम’ असे दुकानदार म्हणाले. आपला फावला वेळ कोणता ते त्यांनी येऊन पाहावे.

काही जणींनी तोडगा सुचवला की, लोकर धनगर फुकटच देतात, टाकूनच देतात, तेवढे पैसे वाचतील. मला हे पटत नाही. आज टाकून देतात म्हणून आज फुकट घेतली, तर उद्या तिला किंमत कधी यायची? आणि बाईने ती कुसळे वेचून, धुऊन, पांढरी-काळी वेगळी करून आणली तर ती टाकाऊ राहिली कुठे? माझी मागणी अशी आहे. वेचून धुतलेली लोकर मंडळाने किलोवर, ठरलेल्या भावाने, रोख घ्यावी, आणि पैसे मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या बाईच्या हातात द्यावेत. निम्मे काम तिथेच उरकते, त्यामुळे आपला दिवसही वाचतो. आणि वर्गात त्या बायांतली एक तरी शिकवायला हवी. वाड्यावरची बाई केसाला हात लावून सांगते की ही पावसाळ्याआधीची कातरण की नंतरची. ते मला येते, पण तुम्हाला शिकवायला मी एकटी पुरी पडणार नाही.

दुकानदारांना नाही म्हणावे असेही माझे म्हणणे नाही. दोनशे आसनांऐवजी लहान चकत्या आणि भांडे धरायच्या घड्या द्याव्यात. त्या एका दिवसात आठ-दहा होतात, मापात थोडे इकडे-तिकडे झाले तर खपून जाते, आणि मजुरी सुटते. आसने आपण आपल्याच हाताने, शेगावला जाणाऱ्या यात्रेकरूंना, योग्य किमतीला विकावीत. दरमहा पाच विकली गेली तरी चालतील. पिंजायचे हातयंत्र घ्यायचे झाल्यास राजस्थानात अविकानगर येथे मेंढी आणि लोकर यांची केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथे लोकरीच्या वस्तूंचे शिक्षणही देतात. चिटणीसबाईंनी तिकडे एक पत्र घालावे. यंत्र मात्र उधारीवर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पापडाच्या यंत्राचे हप्ते आपण अजून विसरलेलो नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ राने आणि पशुपालक यांचे म्हणून जाहीर केले. वर्तमानपत्रात ते वाचून माझा भाऊ हसला आणि म्हणाला, “आपलं वर्ष आलं म्हणे, मेंढरं चारायला रान कुठं आहे ते इचार.” त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. लोकरीच्या भावाचे आहे, आणि ते आपल्या मंडळाच्या हातचे आहे.

नवा वर्ग येत्या सोमवारपासून, दुपारी दोन ते साडेचार. येताना प्रत्येकीने जुनी चटई, मच्छरदाणीचा तुकडा, एक लाटणे आणि पाणी तापवायला डबा आणावा. अंगावर जुने लुगडे असू द्यावे. बांगड्या काचेच्या असतील तर लाटताना काढून ठेवाव्यात, गेल्या खेपेला तीन जणींच्या फुटल्या. लोकर मी आणते. पहिल्या पोत्याचे पैसे माझ्या भावजयीला मी दिले आहेत, त्याची पावती खजिनदारबाईंकडे आहे.