सजीवांवर सोपवलेले काम



दिल्लीत हिवाळ्याची चाहूल लागली की घरोघरी कुंड्या वाढू लागतात. अरेका पाम, मनी प्लांट यांनी हवा शुद्ध होते, असा विश्वास त्यामागे असतो. त्याचे मूळ नासाच्या १९८९ मधील अभ्यासात आहे. मात्र ते प्रयोग हवाबंद पेटीत झाले होते आणि राहते घर हवाबंद नसते. २०१९ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा प्रयोगांची छाननी केली. रंग, फर्निचर यांतून निघणारे वायू इमारतीतील नेहमीच्या हवापालटामुळे जितके कमी होतात, तितके झाडांनी कमी करायचे तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत रोपे लागतील, असा निष्कर्ष निघाला.

मग सजीवांच्या आधाराने रचना करणे व्यर्थच म्हणायचे काय? त्याचे उत्तर दक्षिण दिल्लीतील नीला हौज देतो. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी या तलावावरून पूल बांधला गेला. बांधकामाचा राडारोडा तलावात पडला, सांडपाणी मिसळत राहिले आणि जलपर्णीने पाणी झाकून टाकले. पुढे दिल्ली विकास प्राधिकरणाने प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली येथे पाणथळ जागेची रचना केली. सांडपाण्यातील गाळ आधी खाली बसतो. नंतर ते पाणी दगडगोट्यांमधून आणि पाणकणसासारख्या वनस्पतींच्या मुळांमधून संथपणे वाहते. दगडांवर व मुळांवर वाढलेले जिवाणू त्यातील घाण खातात, तर वनस्पती नायट्रोजन आणि फॉस्फरस शोषून घेतात. पाणी शुद्ध करणारे हे कारागीर डोळ्यांना दिसत नाहीत.

दोन्ही ठिकाणी वनस्पतीच आहेत. फरक आहे तो रचनेचा. कुंडीजवळून हवा क्षणात निघून जाते. पाणथळीत पाण्याला थांबवले जाते आणि जिवाणूंना त्यांच्या गतीने काम करण्यास अवधी मिळतो.

तरीही एकदा उभारून विसरून जावे, अशी ही योजना नव्हे. वाढलेल्या वनस्पती कापाव्या लागतात, साचलेला गाळ उपसावा लागतो. यंत्र बिघडले तर बदलता येते. सजीवांना मात्र सांभाळावेच लागते. म्हणून शाळेच्या आवारात किंवा घराच्या गच्चीवर हिरवाई उभी करताना तीन प्रश्न आधी विचारावेत : तिच्यावर कोणते काम सोपवायचे, त्यासाठी तिला किती अवधी द्यायचा आणि तिची निगा कोण राखणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर पहिल्या दोहोंना अर्थ उरत नाही.