शाळेचा आराखडा आणि ग्रामस्थांची शंका



शाळेची इमारत प्रथम कागदावर उभी राहते आणि तिथेच ती सुधारणे सर्वांत स्वस्त पडते. आफ्रिकेतील बुर्किना फासो देशातील गांडो गावाचे उदाहरण बोलके आहे. गावचे सुपुत्र, वास्तुशिल्पी फ्रान्सिस केरे यांनी मातीच्या भिंती सुचविल्या; परंतु पावसात माती टिकेल काय, अशी शंका ग्रामस्थांनी घेतली. तिला आराखड्यानेच उत्तर दिले. विटांच्या मातीत थोडे सिमेंट मिसळले गेले. भिंतींच्या पुढे येणारे रुंद पत्र्याचे छप्पर योजले. ते उंच उचलल्याने उष्ण हवेलाही वाट मिळाली. ग्रामस्थांच्या श्रमातून २००१ मध्ये शाळा पूर्ण झाली. नकाशा मंजूर होण्यापूर्वी शिक्षक व ग्रामस्थ यांच्या शंका ऐकणे, हाच बांधकामाचा खरा पाया होय.